इंजिन बंद पडल्यानंतरची चार मिनिटे

एका इंजिनाच्या छोट्या विमानाचे इंजिन बंद पडले की विमान दगडासारखे खाली येते, हा समज इतका पक्का आहे की उड्डाण शिकायला नव्याने आलेली मुलेसुद्धा पहिल्याच आठवड्यात त्याविषयी विचारतात. विमानाला हवेत तोलून धरण्याचे काम पंख करतात आणि इंजिन त्या पंखांना केवळ पुढे ओढत असते. ओढणारा थांबला तर पंखांना लागणारा वेग उंची खर्च करून मिळवावा लागतो, एवढाच फरक पडतो. सेसना १७२ हे प्रशिक्षणात सर्रास वापरले जाणारे विमान इंजिनाविना एक फूट खाली येते तेव्हा साधारण नऊ फूट पुढे गेलेले असते. याचा अर्थ, वारा शांत असेल तर जमिनीपासूनच्या दर हजार फूट उंचीमागे सुमारे दीड सागरी मैल अंतर कापता येते आणि तीन हजार फुटांवर असलेल्या वैमानिकाच्या हाताशी आठ किलोमीटरचा पल्ला व जेमतेम चार मिनिटे असतात. ही चार मिनिटे कशी वापरावीत, एवढाच या लेखाचा विषय आहे. येथे दिलेले वेग आणि क्रम आपल्या विमानाच्या पुस्तिकेशी ताडून पाहावेत, आणि फरक आढळल्यास पुस्तिकेचेच ऐकावे.

सर्वांत आधी वेग सांभाळावा. इंजिनाचा आवाज गेला की माणसाचा हात आपोआप योक (विमानाचे नाक वर-खाली करणारा समोरचा दांडा) मागे ओढतो, कारण खाली जाऊ नये अशी शरीराची इच्छा असते, आणि नेमक्या याच ओढण्याने विमान स्टॉल होते, म्हणजे पंख त्याला तोलून धरेनासे होतात. मी विद्यार्थ्यासोबत असताना न सांगता थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) मागे घेतो, तेव्हा त्याची नजर बहुधा समोरच्या प्रोपेलरवर खिळलेली असते. तो प्रोपेलर तर फिरतच असतो, कारण बंद इंजिनाचा प्रोपेलरही समोरून येणाऱ्या हवेने पवनचक्कीसारखा फिरत राहतो, आणि तेवढ्या दोन-तीन श्वासांत वेगाचा काटा दहा नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) उतरलेला असतो. म्हणून नाक ताबडतोब खाली करून पुस्तिकेत दिलेला ग्लाइडचा, म्हणजे इंजिनाविना तरंगत उतरण्याचा, वेग धरावा. पूर्ण भारासह सेसना १७२ एस या प्रकारासाठी तो ६८ नॉट आणि सेसना १५२ साठी ६० नॉट आहे. वेग स्थिरावला की ट्रिम (योक धरून न ठेवता नाक त्याच स्थितीत ठेवणारी सोय) लावावे, म्हणजे पुढच्या गडबडीत हात दुसरीकडे गेला तरी विमान तो वेग फारसा सोडणार नाही. नाक वर धरून चार पावले लांब जाता येईल हा निव्वळ भ्रम आहे; ठरलेल्या वेगाच्या खाली गेलेले विमान लांब न जाता उलट अलीकडेच जमिनीला टेकते.

उंचीविषयीही एक चूक वारंवार होते. उंचीमापकाचा काटा प्रवासात सहसा समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो आणि पुण्याच्या परिसरात जमीनच सुमारे १,९०० फुटांवर आहे, त्यामुळे काट्यावर चार हजार दिसत असले तरी पायाखाली प्रत्यक्षात दोन हजारांच्या आसपासच उंची असते. कोकणातून घाट चढून आलेल्या वैमानिकाने ही वजाबाकी इंजिन चालू असतानाच करून ठेवलेली बरी.

वेग बसला की जागा शोधावी, आणि जागेच्याही आधी वारा शोधावा. इंजिन गेल्यावर वाऱ्याचा विचार सुरू करणारा वैमानिक उशीर करतो. दर दहा मिनिटांनी खाली पाहून वारा कुठून येतो आहे याची मनाशी नोंद घेण्याची सवय असावी. साखर कारखान्याच्या धुराड्याचा धूर, तोडणीनंतर पेटवलेले पाचट, वीटभट्टी, देवळाच्या शिखरावरचे निशाण, तळ्याच्या पाण्यावरच्या लहरी यांतून वाऱ्याची दिशा चांगली कळते. समोरून वारा घेऊन उतरणे का महत्त्वाचे आहे, ते एका हिशेबाने स्पष्ट होते. जमिनीला टेकताना विमानाचा हवेतला वेग ५० नॉट असेल आणि वारा दहा नॉटचा असेल, तर समोरच्या वाऱ्यात जमिनीवरचा वेग ४० नॉट आणि मागच्या वाऱ्यात ६० नॉट पडतो. आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे त्याच शेतात, त्याच विमानात, केवळ दिशा चुकल्याने ती सव्वादोन पट होते.

शेताच्या निवडीबाबत परदेशी पुस्तकांतला सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा लागू होत नाही, कारण मैलभर लांब गव्हाची सपाट शेते महाराष्ट्रात नाहीत. वरून गुळगुळीत हिरवळ दिसते म्हणून माझ्या एका विद्यार्थ्याने सरावात मोठ्या आत्मविश्वासाने एक तुकडा निवडला, आणि पाचशे फुटांवर आल्यावर तो बारा फूट उंचीचा ऊस असल्याचे त्याच्या लक्षात आले. गडद हिरवा रंग म्हणजे उंच आणि दाट पीक, असे धरून चालावे. फिकट, तपकिरी, नुकतीच काढणी झालेली ज्वारी-बाजरी-हरभऱ्याची शेते सर्वांत चांगली असतात, आणि मुरमाड पडीक माळरानही चालते. नांगरलेल्या शेतात उतरावेच लागले तर सरींच्या दिशेने उतरावे. सरी आडव्या छेदल्या तर पुढचे चाक रुतून विमान नाकावर उलटू शकते. पावसाळ्यात काळ्या जमिनीत वापसा नसेल तर चाके हमखास रुततात, तेव्हा थोडा खडकाळ उतार असला तरी मुरमाची जमीन पत्करावी. द्राक्षबागा वरून सुंदर दिसतात, परंतु त्यांच्या मांडवात लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा असतात. पॉलिहाऊस आणि शेततळी यांच्यापासून तर दूरच राहावे.

दोन गोष्टी वरून दिसत नाहीत म्हणून त्यांचा वेगळा उल्लेख करतो. पहिली गोष्ट म्हणजे विजेच्या तारा. तारा जवळजवळ कधीच दिसत नाहीत, खांब मात्र दिसतात. त्यामुळे दोन खांब दिसले की मध्ये तारा आहेतच असे समजावे, आणि त्या ओलांडताना खांबाच्या माथ्यावरून जावे, कारण तिथे तारांची उंची नेमकी कळते. एकटे घर, विहिरीवरचा पंप किंवा रस्त्याकडेचे हॉटेल दिसले की त्याला जोडणारी तार कुठून तरी आलेलीच असते. दुसरी गोष्ट म्हणजे बांध. आपल्याकडची शेते लहान असतात आणि दोन फुटांचा बांधही वेगात असलेल्या विमानाची पुढची चाकदांडी मोडायला पुरेसा असतो. म्हणून शेताची लांबी वाऱ्याच्या दिशेने पाहावी आणि जमल्यास शेताचा शेवट बांधाऐवजी चढावर व्हावा. रस्ते मोहात पाडतात, पण त्यांवर वाहने, दुतर्फा झाडे आणि आडव्या तारा असतात. रिकामा आणि सरळ रस्ता समोर नसेल तर शेतच बरे.

जागा ठरली की ती सहसा बदलू नये. आठशे फुटांवरून दिसलेल्या आणखी चांगल्या शेताकडे वळताना ना हे शेत मिळते ना ते. पहिली निवड मध्यम असली तरी तिच्यावर नीट उतरलेला वैमानिक चालत बाहेर येतो.

शेताकडे वळून मार्ग धरल्यावरच इंजिन पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करावा, आणि तो ठरावीक क्रमाने, हात फिरवण्याच्या सवयीने करावा. फ्युएल सिलेक्टर (इंधनाची टाकी निवडणारी खटकी) दोन्ही टाक्यांवर आहे का, इंधनाचा बंद करणारा कॉक उघडा आहे का, पंप असेल तर तो चालू आहे का, मिक्श्चर (हवा-इंधनाचे मिश्रण ठरवणारा दांडा) पूर्ण रिच, म्हणजे जास्तीत जास्त इंधनावर, आहे का, मॅग्नेटोची (इंजिनाला ठिणगी देणाऱ्या दोन यंत्रांची) चावी ‘बोथ’वर आहे का, प्रायमर (सुरू करताना इंजिनात इंधन ढकलणारा हातपंप) आत जाऊन घट्ट बसला आहे का, हे पाहायला सराव असलेल्या हाताला दहा-बारा सेकंद पुरतात. पायपर पीए-२८ सारख्या विमानात दोन्ही टाक्या एकदम वापरण्याची सोय नसते, तिथे उजवी-डावी टाकी बदलणे हेच पहिले काम असते. एक टाकी रिकामी होऊन दुसरी भरलेली असताना शेतात उतरलेल्या विमानांच्या कथा उड्डाणाच्या क्षेत्रात नवीन नाहीत.

कार्ब्युरेटर (हवा आणि इंधन मिसळणारा भाग) असलेल्या इंजिनात बर्फाची शक्यता विसरू नये. उष्ण हवामानात बर्फ कसला, असे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना वाटते. पण कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात हवा फाकल्याने आणि इंधनाची वाफ होताना तापमान वीस अंशांहूनही अधिक उतरू शकते, त्यामुळे पावसाळ्याच्या दमट हवेत, विशेषतः कमी पॉवरवर, तिथे बर्फ धरणे शक्य असते. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) हळूहळू उतरू लागणे ही त्याची खूण आहे. कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ) ओढल्यावर वितळलेले पाणी इंजिनात जाऊन ते क्षणभर आणखी खडखडते, आणि घाबरलेला वैमानिक हीट पुन्हा बंद करतो. ती तशीच ओढलेली ठेवावी. ही उष्णता एक्झॉस्टची असते, म्हणून इंजिन पूर्ण थंड होण्याआधी, अगदी सुरुवातीलाच, हा उपाय करावा लागतो. पावसाळ्यात टाकीत पाणी जाण्याचा धोकाही असतो. पाणी जड असल्याने तळाशी बसते, आणि निळसर रंगाचे १०० एलएल पेट्रोल उड्डाणापूर्वी काचेच्या नळीत काढून पाहिले की ते खाली वेगळे दिसते.

वेग आणि शेत यांच्यानंतर, संपर्काचे काम तिसऱ्या क्रमांकाचे आहे. ज्या टॉवरशी बोलणे चालू असेल त्याच फ्रिक्वेन्सीवर ‘मेडे, मेडे, मेडे’ म्हणून विमानाचे नाव, इंजिन बंद असल्याची बातमी, ठिकाण, उंची आणि विमानात किती माणसे आहेत ते सांगावे. कोणीच उत्तर देत नसेल तर १२१.५ वर बोलावे आणि ट्रान्सपाँडरवर (रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्रावर) ७७०० हा संकटाचा आकडा लावावा. टॉवर विमानाला वर धरू शकत नाही, त्यामुळे बोलण्याच्या नादात वेग किंवा शेत सुटले तर ते बोलणे महाग पडते.

उतरण्याचा मार्ग शक्यतो नेहमीच्या सर्किटसारखाच (रनवेभोवती उतरण्यासाठी घालायच्या चौकोनी फेरीसारखाच) आखावा, कारण रोज पाहिलेले कोन डोळ्यांना ओळखीचे असतात. शेताच्या बाजूने डाउनविंडला (उतरण्याच्या उलट दिशेने, वारा पाठीशी घेऊन जाताना), टेकण्याच्या जागेला समांतर असताना जमिनीपासून हजार फूट उंची असली तर हिशेब बरोबर आहे. सुरुवातीला नेम शेताच्या एक तृतीयांश आत धरावा आणि पोहोचण्याची खात्री पटल्यावर फ्लॅप (कमी वेगात उतरण्यासाठी पंखांच्या मागच्या कडेला खाली वळणाऱ्या झडपा) टाकून तो अलीकडे आणावा. फ्लॅप आधीच टाकले आणि शेत लांब राहिले तर गेलेली उंची परत मिळत नाही. फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, विंडशील्डमध्ये जी जागा ना वर सरकते ना खाली, तिथेच विमान पोहोचणार असते. वर सरकणारी जागा हाती लागणार नाही आणि खाली सरकणारी जागा मागे राहणार, हे लक्षात ठेवले तर मोजमापाची गरज पडत नाही. उंची जास्त झाली तर साइडस्लिप करून, म्हणजे विमान तिरपे घसरवून, घालवावी. सरावात इंजिन आयडलवर, म्हणजे किमान गतीवर, चालू असते आणि थोडेफार ओढतही असते, तर खरोखर बंद पडलेल्या इंजिनाचा फिरता प्रोपेलर विमानाला अडवतो, त्यामुळे खरा ग्लाइड सरावापेक्षा थोडा तीव्र असतो. सरावात जेमतेम गाठलेले शेत खऱ्या प्रसंगी गाठता येणार नाही, असे समजावे.

शेत गाठले जाणार हे पक्के झाले की मिक्श्चर कट-ऑफ, इंधनाचा कॉक बंद, मॅग्नेटो बंद, या क्रमाने आगीची कारणे काढून टाकावीत. सेसनाचे फ्लॅप विजेवर चालतात, म्हणून मास्टर स्विच फ्लॅप हवे तेवढे उतरल्यावरच बंद करावा. दारांच्या कड्या टेकण्यापूर्वी उघडून ठेवाव्यात आणि जमल्यास दाराच्या फटीत जोडा किंवा घडी केलेले जाकीट अडकवावे, कारण आदळल्यावर चौकट वाकली तर बंद दार उघडत नाही. जमिनीला टेकताना शेपटी किंचित खाली, वेग शक्य तितका कमी आणि पंख सरळ असावेत.

येथे वैमानिकाने विमानाची माया सोडावी. चाके, पंख, प्रोपेलर मोडले तरी चालेल. मोडताना ते धक्का शोषून घेतात आणि केबिन शाबूत राहते. ताशी ८० किलोमीटर वेगाने आदळलेले विमान तीन मीटर अंतरात एकसारखे मंदावत थांबले तर आतील माणसावर सुमारे साडेआठ जी (स्वतःच्या वजनाच्या साडेआठपट) इतका भार येतो, आणि पट्टे नीट बांधलेला माणूस तो सहन करू शकतो. वेग दुप्पट असेल तर तेवढ्याच भारासाठी बारा मीटर लागतात. झाडांशिवाय काहीच समोर नसेल तर कमी वेगात, फ्लॅप पूर्ण टाकून, शक्यतो दोन खोडांच्या मधून जावे, म्हणजे मार पंखांना बसेल आणि केबिन वाचेल. उसाच्या बाबतीतही शेंड्यांनाच जमीन मानून त्यांच्यावर हळू बसावे. या सगळ्यात एकच गोष्ट क्षम्य नाही, ती म्हणजे जमिनीपासून काही फुटांवर स्टॉल होऊन नाकावर किंवा एका पंखावर पडणे.

टेक-ऑफनंतर लगेच इंजिन बंद पडले तर चार मिनिटे नसतात, पंधरा-वीस सेकंद असतात. चढताना नाक वर असते, त्यामुळे वेग झपाट्याने उतरतो, आणि पहिली हालचाल नाक खाली दाबण्याचीच असावी लागते. मागे वळून रनवेवर परतण्याचा मोह अनेक अनुभवी वैमानिकांच्या जिवावर बेतला आहे. परत फिरून रनवेच्या रेषेत यायला १८० अंशांहून बरेच जास्त वळावे लागते, वळताना उंची जाते, आणि ४५ अंश कललेल्या विमानाचा स्टॉलचा वेग सरळ उड्डाणापेक्षा सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. त्यात वारा पाठीमागे येतो आणि जमीन वेगाने सरकताना दिसते, म्हणून वैमानिक नकळत नाक वर घेतो. आपल्या विमानात परत वळायला किती उंची लागते हे सुरक्षित उंचीवर, इन्स्ट्रक्टरबरोबर, प्रत्यक्ष करून मोजलेले नसेल, तर नाकासमोर डावी-उजवीकडे तीस-तीस अंशांच्या आत जे काही मिळेल तिथेच उतरावे. दर टेक-ऑफपूर्वी, एकटे असतानाही, ‘इंजिन गेले तर डावीकडच्या माळावर’ असे मोठ्याने म्हणावे. ऐकणाऱ्याला ते वेडेपणाचे वाटेल, पण त्या पंधरा सेकंदांत नव्याने विचार करायला वेळ नसतो.

पूर्ण बंद पडलेल्या इंजिनापेक्षा अर्धवट चालणारे इंजिन जास्त फसवते. ते थोडे ओढत राहते आणि घरापर्यंत नेईल अशी आशा लावते. तेलाचा दाब उतरतो आहे आणि तापमान चढते आहे असे दिसले तर ते इंजिन थोड्याच वेळात बंद पडेल असे मानून, पॉवर आहे तोवरच चांगली जागा निवडून उतरावे. जुलै २०२२ मध्ये बारामतीहून सोलो उड्डाणावर गेलेले एक सेसना १५२ इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात आदळले, त्यात विमानाचे मोठे नुकसान झाले आणि प्रशिक्षणार्थी वैमानिक किरकोळ जखमांवर बचावली. अशा प्रसंगात शेवटी मोजायचे असते ते माणूस वाचला का, हेच.

शेजारच्या सीटवर बसलेल्या प्रवाशालाही बरेच करता येते. त्याने सीट मागे घेऊन खाचेत घट्ट बसली आहे याची खात्री करावी, कमरेचा पट्टा पोटावर न घेता ओटीपोटाच्या खाली, हाडावर आवळावा आणि खांद्याचा पट्टा न चुकता लावावा. चष्मा, पेन आणि टोकदार वस्तू काढून ठेवाव्यात, पाय रडरच्या (शेपटीच्या सुकाणूच्या) पेडलांपासून आणि हात योकपासून दूर ठेवावेत, आणि जाकीट किंवा उशी चेहऱ्यासमोर धरावी. दार कसे उघडते ते उड्डाणापूर्वीच हाताने उघडून पाहावे. पायपर पीए-२८ ला उजव्या बाजूला एकच दार असते आणि त्याला वरच्या बाजूला दुसरी कडी असते, हे गडबडीत सुचत नाही. वैमानिकाला प्रश्न विचारून त्याचे लक्ष वेधू नये. मागितल्यास चेकलिस्ट वाचून दाखवावी.

खांद्याच्या पट्ट्याचे महत्त्व एका गाजलेल्या अपघातातून कळते. ५ मार्च २०१५ रोजी अभिनेते हॅरिसन फोर्ड यांच्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील रायन पीटी-२२ विमानाचे इंजिन सांता मोनिका येथून उड्डाण करताच निकामी झाले. कार्ब्युरेटरमधील इंधन मोजून सोडणारा जेट सैल होऊन फिरला होता. रनवे गाठता येत नाही हे ओळखून त्यांनी जवळच्या गोल्फ मैदानावर विमान उतरवले आणि ते बचावले, मात्र गंभीर जखमी झाले. खांद्याचा पट्टा सीटच्या पाठीच्या पत्र्याला पुरेशा मजबुतीविना जोडला असल्याने त्यांच्या जखमा वाढल्या, असे अमेरिकेच्या तपास मंडळाने नोंदवले. पट्टा ज्या ठिकाणी जोडला आहे ती जागाही जुन्या विमानात पाहून घ्यावी.

पाण्यावर उतरणे शेवटचा पर्याय समजावा. कायम खाली असलेल्या चाकांचे विमान पाण्यात बहुधा पुढे उलटते, म्हणून दारे आधी उघडावीत, होड्यांच्या जवळ उतरावे, आणि लाइफ जॅकेट विमानाबाहेर पडल्यावरच फुगवावे. आत फुगवलेले जॅकेट माणसाला छताला चिकटवते.

विमान पूर्ण थांबेपर्यंत पट्टा सोडू नये. पहिल्या धक्क्यानंतर दुसरा येऊ शकतो. थांबल्यावर हेडसेटची वायर काढून, प्रोपेलरच्या मागच्या बाजूने बाहेर पडून वाऱ्याच्या दिशेकडे, म्हणजे धूर आपल्याकडे येणार नाही अशा बाजूला, पन्नास-साठ पावले दूर जावे. विमानातील ईएलटी (अपघाताचे ठिकाण कळवणारा प्रक्षेपक) ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहांना संदेश पाठवतो आणि भारतात तो बंगळूरुच्या केंद्राकडे पोहोचतो. तो धक्क्याने सुरू झाला नसेल तर स्विच हाताने चालू करावा. फोनवरून ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ लावावा. आपल्याकडे दहा मिनिटांत निम्मे गाव बांधावर जमते आणि त्यात कोणी ना कोणी विडी पेटवतोच, तेव्हा जखमी नसलेल्या माणसाने सर्वांत आधी लोकांना विडी विझवायला आणि मागे सरकायला सांगावे. चालता येत असले तरी मान, पाठ आणि पोट दवाखान्यात तपासून घ्यावे. माणसे काढण्यासाठी आवश्यक असेल तेवढेच वगळता विमान हलवू नये, कारण तपास अधिकाऱ्यांना स्विच आणि कॉक कोणत्या स्थितीत होते ते पाहायचे असते. मोडलेल्या पिकाची भरपाई द्यावी लागते, म्हणून तिथून निघण्यापूर्वी शेतमालकाचे नाव आणि शेताचा गट क्रमांक लिहून घ्यावा.